नवसाचा घास

बेंदवाडी, ता. शिराळा
१२ मे १९७३

चि. जोतीराम,

आधी आशीर्वाद घे, मग हवं तेवढं रागव. पत्र फाडायचं असेल तर वाचून झाल्यावर फाड, कारण हे लिहायला मला चार दुपारी लागल्या. गावातल्या अर्ध्या बायकांची पत्रं मी बसल्या बैठकीला लिहून देते. बनुबाईच्या जावयाला तर मागं असं खरमरीत लिहिलं होतं की आठ दिवसांत बायकोला न्यायला हजर. पण स्वतःचं लिहायची वेळ आली आणि मास्तरांच्या लेकीला पहिली ओळ सुचेना.

तुझी आई रोज विचारते, जोत्याचं पत्र आलं का. तू सुट्टी अर्धी टाकून का गेलास ते तिला माहीत नाही. पलटणीतून तार आली, तातडीनं जावं लागलं, असं मी सांगितलंय. शेजारच्या लीलाबाई लगेच म्हणाल्या, तारवाला कधी आला, आम्हाला कसा दिसला नाही? मी म्हटलं, तुम्ही आमच्या बोकडाचा वाटा शिजवण्यात गुंग होता, कसा दिसेल?

झालं ते मी नाकारत नाही. जत्रेदिवशी तुझ्यासाठी वेगळी मसुरीची आमटी केली होती, त्यात मी मटणाच्या रश्शाच्या दोन पळ्या घातल्या. तू मटण सोडलंयस हे माहीत असून घातल्या. तू दोन वाट्या भुरकलास आणि वर म्हणालास, "वयनी, आमटी लय झ्याक झालीया." दुसऱ्या दिवशी तुझ्या दादांनी पारावर चार माणसांत हसत हसत सांगितलं, "मिलिट्रीवाल्याला म्हसोबानं बराबर जेवू घातलं!" तू तिथून घरी आलास, परसात जाऊन ओकलास आणि ट्रंक उचललीस. एस.टी. स्टँडपर्यंत मी मागं मागं आले. तिथं आपलं काय बोलणं झालं ते मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

पण बाबा, जरा आमच्या बाजूनंही बघ. एकाहत्तरच्या डिसेंबरात लढाई पेटली आणि तुझी पत्रं बंद झाली. आत्याबाई, म्हणजे तुझी आई, अनवाणी शिवेवरच्या म्हसोबाकडं गेल्या आणि बोलून आल्या. पोरगं हातीपायी धड आलं तर बोकड देईन, नैवेद्याचा पहिला घास माझ्या हातानं त्याला भरवीन आणि तोवर भाकरीला शिवणार नाही. तू धड होतास. पण आधी इस्पितळ, मग सुट्टी नाही, असं करत यायला सोळा महिने लागले. सोळा महिने त्या बाईनं भाकरी खाल्ली नाही, आणि तेही दुष्काळाच्या सालात. हुलग्याचं माडगं आणि तांदळाच्या कण्या, बस्स. रेशनवर तो अमेरिकेचा तांबडा मिलो जोंधळा यायला लागला तेव्हा मी म्हटलं, आत्याबाई, तिकडं हा गुरांना घालतात म्हणे, याची भाकरी काही म्हसोबा मोजणार नाही. तर म्हणाल्या, "थापली म्हंजी भाकरीच की गं."

बोकडाला मात्र काही कमी नव्हतं. दादांनी त्याचं नाव हवालदार ठेवलं होतं. आत्याबाई उन्हातान्हात हिंडून त्याच्यासाठी बाभळीच्या शेंगा गोळा करायच्या आणि स्वतः माडगं पिऊन झोपायच्या.

एवढं सगळं झाल्यावर तू आलास आणि म्हणालास, मी मटण खात नाही. मग घरातल्या सुनेनं काय करायचं? वडीलधाऱ्यांपुढं माझं काय चालतं?

राहिलेली सुट्टी मिळेल तेव्हा ये. आई वाट बघते.

तुझी
राहीवहिनी


बेंदवाडी
४ नोव्हेंबर १९७३

चि. जोतीराम,

तुझं कार्ड पोचलं. दादांच्या नावानं होतं, पण त्यांची अक्षरओळख सहीपुरती, तेव्हा वाचणारी मीच. 'आईनं स्वतःच्या हातानं फसवून मला ते खाऊ घातलं. त्या घरात मी परत पाणी पिणार नाही.' दोन ओळी. पत्ता त्याहून मोठा.

आत्याबाई समोरच भुईमुगाच्या शेंगा फोडत बसल्या होत्या. "काय म्हंतोय?" मी वाचून दाखवलं, सुखरूप आहे, इकडं थंडी पडलीय, आईच्या पाया पडतो. त्यांनी कार्ड मागून घेतलं आणि डोक्याला लावलं. आता ते देवळीत आहे. सणासुदीला त्यावर हळदकुंकू वाहतात. तुझ्या त्या दोन ओळींवर, जोतीराम.

आईवर असा राग धरू नये. तिचंही वय झालं. यापेक्षा जास्त मी आज लिहीत नाही.

यंदा पाऊस बरा झाला. माळावरच्या तुकड्यातसुद्धा शाळू पोटऱ्यात आलाय. दिवाळीला बऱ्याच दिवसांनी घरात तळणाचा वास सुटला आणि मला उगाच तू आठवलास. उगाच कसलं, रोजच आठवतोस.

मी या घरात आले तेव्हा चौदाची होते आणि तू सहाचा. लग्नानंतरची माझी पहिली जत्रा. नव्या सुनेचा मान म्हणून कुणीतरी मला नळी वाढली. मला वाटलं आता मजा. तेवढ्यात तू आलास आणि माझ्या ताटाशेजारी बसलास. काही मागितलं नाहीस, नुसता त्या नळीकडं बघत बसलास. मी ती तुझ्या हातात ठेवली. तू ती दगडावर आपटून आपटून चोखलीस आणि तेलकट हात माझ्या नव्या लुगड्याला पुसलास. आत्याबाईंनी तुला धपाटा घातला, मी तुला पोटाशी घेतलं. त्या दिवसापासून पुढं प्रत्येक जत्रेला माझी नळी तुझी. फौजेत गेल्यावर जत्रेला तू नसायचास तेव्हाही मी ती बाजूला काढून ठेवायची आणि मग दादा खायचे.

असा तू. म्हणून यंदा विहिरीवर तू मला सांगितलंस ते मला खरंच वाटेना. तिकडं बंगालात दोन दिवस तुम्ही उपाशी. ओस पडलेलं गाव, एका दाराशी बांधलेली शेरडी आणि घरात एकटी म्हातारी. तुम्ही शेरडी सोडली, कापली आणि तिच्याच अंगणात शिजायला घातली. म्हातारी रडली नाही, ओरडली नाही. आत गेली आणि ओंजळीत मीठ घेऊन आली. तू म्हणालास, "वयनी, तिच्या शेरडीला तिनंच मीठ दिलं, आन आमी खाल्लं. तवापासनं घास वर जात न्हाई."

आणि मी काय म्हणाले? लढाईत असं व्हायचंच, म्हणाले. धुण्याचा पिळा घालता घालता म्हणाले. तू पाण्यात खडे टाकत राहिलास. आता भाकऱ्या थापताना मला ती म्हातारी आठवते, रात्री अंथरुणावर नाही, चांगली दिवसाढवळ्या.

आईला चार ओळी घाल. खऱ्या घाल, म्हणजे मला नव्या बनवाव्या लागणार नाहीत.

तुझी
राहीवहिनी


बेंदवाडी
नागपंचमीचा दुसरा दिवस, १९७५

चि. जोतीराम,

काल शिराळ्यात तीच गर्दी, तीच नागांची मिरवणूक. घरी विळी पालथी, तवा पालथा. चिरायचं नाही, तळायचं नाही, भाजायचं नाही, पुरणाची दिंडं उकडून खायची. लहानपणी तू विचारायचास, विळी चालवली तर नागाला कशी लागेल, तो तर बिळात असतो. आता वाटतं, निदान एक दिवस तरी आपल्या जेवणापायी कुणाच्या अंगाला धार लागू नये, असं कुणा शहाण्याला वाटलं असेल. बाकीच्या दिवसांचं त्यानं आपल्यावर सोडलं आणि तिथंच घोटाळा झाला.

पण आज मी तुला शिव्या द्यायला बसलेय. भावकीतला अर्जुना गूळ घेऊन सांगलीला गेला होता, तो येऊन म्हणतो, "जोतीबापू सांगलीत हायती की. हळदीच्या गोदामावर वॉचमन. पेन्शन घिऊन चार म्हयनं झालं." चार महिने! काश्मीर नव्हे, आसाम नव्हे, सांगली! सकाळची गाडी धरली तर माणूस दुपारी घरी जेवायला येतं. मी अर्जुनाला दम दिला, आत्याबाईंसमोर अवाक्षर काढलंस तर बघ. आता तू मला सांग, मी आणखी किती लपवू? पंधरा वर्षं देशाची राखण केलीस आणि आता कुणा व्यापाऱ्याच्या हळदीची करतोस, मग आईनं काय घोडं मारलंय?

तुला कळलं नसेल, पण मी येऊन गेले. डोळे तपासायचे आहेत म्हणून घरातून निघाले आणि विचारत विचारत पेठेत पोचले. भर दुपार होती. तू गोदामाच्या ओट्यावर स्टोव्ह पेटवून भात करत होतास. हात कोपरापर्यंत पिवळे, मिशा पांढऱ्या व्हायला लागलेल्या. मी रस्त्यापलीकडं पोत्यांच्या थप्पीआड उभी होते. हाक मारायला तोंड उघडलंच होतं. भात झाला, तू पातेलं उतरवलंस, आणि खायच्या आधी चमचा घालून तो खालीवर केलास. तळापर्यंत. वाकून बघितलंस. मग एक घास घेतलास.

स्वतः शिजवलेला भात, जोतीराम.

मी तशीच मागं फिरले. स्टँडवर बसून किती रडले ते सांगत नाही. शेजारी एक बाई होती, तिनं पाणी दिलं आणि विचारलं, कोण गेलं? मी म्हटलं, गेलं नाही कुणी, इथंच आहे.

मी पण मटण सोडलंय. व्रत वगैरे काही नाही, माळही घातली नाही. शिजवते सगळ्यांसाठी, पण चव बघायला दादांना हाक मारते. ते म्हणतात, हे बरं झालं, आधीच एक वाटी पदरात पडते.

तुझी
राहीवहिनी


बेंदवाडी
१७ फेब्रुवारी १९७७

चि. जोतीराम,

आत्याबाई उंबऱ्यात पडल्या. खुबा मोडला. कराडला नेऊन आणलं. डॉक्टर म्हणाले, या वयात हाड जुळणं कठीण, आता अंथरुणावरच करा सगळं, जेवढे दिवस जातील तेवढे. त्या दिवसातून दहा वेळा दाराकडं बघतात. "जोत्याला सुट्टी कवा?" तुझी नोकरी संपून दोन वर्षं होत आली हे त्यांना माहीतच नाही.

आता मी तुला ते सांगते, जे पहिल्या पत्रातच सांगायला हवं होतं. उभ्यानं वाचत असशील तर बस.

तुझ्या आईनं तुला फसवलं नाही. मी फसवलं. दोघांनाही.

तू घरी आल्यावर आईच्या पायाला हात लावून म्हणालास, "आये, दुसरं काय बी सांग, त्यो घास सांगू नगंस." आठवतं? त्यानंतर तू रानात गेलास. तू गेल्यावर आत्याबाईंनी मला जवळ बसवलं. मग मला म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे राही. पोराच्या मनाला जे नगं ते नगं. बोकड म्हसोबाचा हाय, त्यो दिऊ. मी भाकरी न खाता जगतीयाच की. आनी थोडं दीस." असं म्हणाल्या. एका शब्दानंही तुझ्यावर रागावल्या नाहीत. दादांनी आरडाओरडा केला, भावकीनं केला, त्यांनी नाही.

मला ते सोसलं नाही. सोळा महिने मी त्यांचं माडगं ढवळलं होतं, त्यांच्या मनगटाच्या काड्या होताना बघितल्या होत्या. आणि तू समोर बसून ढेकर देणार, आत्याबाई कण्या खाणार, आणि दोघंही चांगले म्हणून दोघंही हटणार नाहीत. मला वाटलं, या दोन शहाण्यांच्या मधे घर बुडेल. थोडं असंही वाटलं, की ज्याला मी माझ्या ताटातलं देऊन वाढवलं, तो माझ्या हातचं नको म्हणतो म्हणजे काय. हेही लिहून टाकते, एकदा लिहायलाच बसले आहे तर.

जत्रेदिवशी सकाळी मी आत्याबाईंना सांगितलं, जोतीराम तयार झालाय. मटणाचा तुकडा नको म्हणतो, पण आमटीत रस्सा घातला तर खाईन म्हणाला. मात्र त्याच्यासमोर याचा उच्चार करू नका, लाजतोय. त्या बाईचा चेहरा तू बघायला हवा होतास. मी लग्न होऊन आले तेव्हापासून तसा बघितला नव्हता. पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "माज्यासाटनं?" मी म्हटलं, होय, तुमच्यासाठी.

आमटीत रस्सा आहे हे तुझ्या आईला माहीत होतं. पण ते तुला माहीत नाही, हे तिला माहीत नव्हतं. म्हणून तिनं तुला भरवलं, रडली आणि म्हणाली, "फिटलं बाबा." तुला मागून वाटलं, आपल्याला जाळ्यात घेऊन ही आनंदानं रडत होती. तिला वाटलं, लेकरानं आपल्यासाठी मन मारलं. दुसऱ्या दिवशी तू रागानं गेलास, तो कशानं, हे मी तिला कळू दिलं नाही. परसातलं ओकणं सुद्धा उन्हाचं म्हणून सांगितलं.

आणि स्टँडवर तू मला एकच विचारलंस. "वयनी, आयला ठावं व्हतं?"

मी मान खाली घातली. तुला त्यात होकार दिसला. मला कळलं की तुला होकार दिसला. गाडी सुटेपर्यंत पाच मिनिटं होती, मी वर बघितलं नाही. तू म्हणालास, "त्या म्हातारीनं मला निदान दिसंल असं मीठ दिलं." तरी बघितलं नाही. तू आईवर रागावलास तर आई आहे, ती सोसेल, कधीतरी विसरशील. माझ्यावर रागावलास तर मी कोण? वहिनी. परक्या घरून आलेली. हा हिशेब त्या पाच मिनिटांत मी केला आणि चार वर्षं तो तसाच ठेवला.

आत्याबाई आजही येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, "माज्या जोत्यानं मटान सोडलं व्हतं, पर माज्यासाटनं त्यानं घास घेतला." मी शेजारी बसून ऐकते.

तुला जो राग आहे तो इथं माझ्याकडं पाठव. पण आईला भेटून जा. माझं तोंड बघायला नको म्हणत असशील तर मी चार दिवस माझ्या भावाकडं कराडला जाऊन राहते.

राही


बेंदवाडी
१ मार्च १९७७

चि. जोतीराम,

तुझं काही उत्तर नाही. ते न येणंही मी समजू शकते. पण आणखी एक गोष्ट झालीय, ती तुला कळवणं भाग आहे.

तुला लिहिल्यावर मला घरात बसवेना. तुला सांगितलं आणि जिच्या हातानं केलं तिला नाही, हे कसं चालेल? परवा सकाळी आत्याबाईंच्या अंगाला तेल लावताना मी सगळं सांगून टाकलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं. मग विचारलं, "मंजी त्यो नगं म्हंत असताना म्या त्याच्या तोंडात घातलं?" मी म्हटलं, होय. "आन म्या गावभर सांगत सुटले?" मी म्हटलं, होय.

मग म्हणाल्या, देवळीतलं कार्ड आण. "लिवलंय तसं वाच." मी वाचलं. कुंकवानं अर्धी अक्षरं बुजली होती, पण मला ती पाठ आहेत. ऐकून म्हणाल्या, "खरं हाय त्याचं." एवढंच. शिवी दिली नाही. दिली असती तर मी सुटले असते.

मी म्हटलं, आत्याबाई, माझं चुकलं, पण नवस तर फिटला ना? त्यावर त्यांनी माझ्याकडं बघितलं, आणि ती नजर मी जन्मात विसरणार नाही. "नवस माजा व्हता राही. पोट त्याचं व्हतं."

त्या दिवसापासून त्यांनी पुन्हा भाकरी बंद केली. म्हसोबाशी आता त्यांचं काही देणंघेणं नाही म्हणतात. "म्या त्याला त्याच्या मनाबिगर भरवलं. आता त्येनं त्याच्या मनानं मला भरवली तर खाईन. जी त्यो खातो ती. न्हाई आला तर न्हाई." आणि वर मला बजावलं, "ह्ये त्याला कळवू नगंस. कळवलंस तर ती बी जबरीच झाली."

मी त्यांचं न ऐकता कळवते आहे. माझ्या स्वभावाला आता औषध नाही. पण या वेळी निदान कुणाला अंधारात ठेवून करत नाही. मी त्यांना सांगितलंय, कळवणार आहे. त्यांनी भिंतीकडं तोंड केलं.

पातळ कण्या पाजते. दोन चमचे जातात, तिसऱ्याला मान फिरते. तू भाकरी खाऊ घाल असं मी म्हणत नाही. काय करायचं ते तू ठरव. पोट तुझं, मन तुझं, आई तुझी.

राही


बेंदवाडी
१४ मार्च १९७७

चि. जोतीराम,

तुझं कार्ड आज दुपारी आलं. 'शनिवारी सकाळच्या गाडीनं येतो. आईला सांगा. स्वयंपाक तुम्हीच करा. मी चुलीपाशी बसून बघणार आहे.'

मी आत्याबाईंना वाचून दाखवलं. त्यांनी ऐकलं आणि म्हणाल्या, "लीलाबाईच्या सुनंला बोलीव." ती आली, तिनंही वाचलं. दोघींचं वाचन शब्दाला शब्द जुळलं, तेव्हा कुठं हसल्या. मला वाईट वाटलं असं तुला वाटेल. वाटलं. पण माझं वाचलेलं पडताळून घ्यावं लागतं ही माझीच कमाई आहे, ती मी कुणाच्या पदरात टाकू? हसताना त्यांचे पुढचे दोन दात गेलेले दिसले. कधी गेले ते माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

दादा मात्र खवळले. "चुलीपाशी बसून बघणार? ही काय चोर हाय व्हय?" मी म्हटलं, व्हय. ते उठून गेले. मग बराच वेळ गोठ्यात काहीतरी खुडबुड करत बसले आणि येऊन म्हणाले, पारावर आपण बोललो ते बोलायला नको होतं. तुझे दादा असं म्हणाले! चोवीस तारखेला नाहीतर पंचवीसला गावात वीज यायची आहे म्हणतात, त्याचंसुद्धा मला एवढं नवल वाटणार नाही.

गाडी साडेअकराला पोचते. दादा बैलगाडी घेऊन शिराळ्याला येतील. त्यांच्याशी नाही बोललास तरी चालेल, त्यांनाही सुचणार नाही. गाडीत गवत टाकायला सांगितलंय, ओढ्याचा रस्ता अजून तसाच आहे.

खोलीत आईच्या खाटेजवळ तुझं अंथरूण टाकलंय. त्यांना आता नीट ऐकू येत नाही, उजव्या कानाशी बोल. तुला बघून रडतील, तर रडू दे. चार वर्षं कशी गेली ते विचारतील. खरं सांग. सांगलीचं, गोदामाचं, सगळं सांग. मी शिकवलेलं काही बोलू नकोस.

शाळूचं नवं पीठ दळून आणलंय. मसूर निवडून ठेवलाय, मीठ-मसाल्याचे डबे धुऊन उन्हात घातलेत. तू आल्यावरच चूल पेटवते. काय घालायचं ते तुझ्यासमोर, तुला दाखवून घालते. बघ, वाकून बघ, पळी घालून तळापर्यंत बघ, मला राग येणार नाही. आणि तरीही मन धजलं नाही, तर तसं तोंडावर सांग. मी उठून बाजूला बसेन, पळी तू घे, भाकरी तू थाप. आईला तुझ्या हातची भरव.

मग मलाही वाढ. मी ताटात न बघता जेवेन.

राहीवहिनी